अमेरिका आणि रशिया यांच्यात कायमस्वरूपी राजनैतिक सहकार्य शक्य आहे का?

सर्व बाबतींत नाही. पण जिथे दोघांनाही एकाच गोष्टीची भीती वाटते, तिथे सहकार्य अनेक दशकं टिकू शकतं. दोघांमधल्या करारांचा इतिहास हेच सांगतो. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात अणुयुद्ध अगदी उंबरठ्यावर आलं होतं आणि पुढच्याच वर्षी मॉस्को-वॉशिंग्टन हॉटलाइन सुरू झाली. १९७२ मध्ये समुद्रात नौदलांची टक्कर टाळण्याचा करार झाला. जमिनीवरून डागायच्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणाऱ्या १९८७ च्या आयएनएफ कराराने तर एकमेकांच्या तळांवर निरीक्षक पाठवायला मान्यता दिली. माझ्या मते खरा आधार हाच होता: मैत्री नव्हे, पडताळणी. युक्रेनवरच्या आक्रमणानंतरही दोन्ही देशांचे अंतराळवीर एकमेकांच्या यानांतून अंतराळ स्थानकावर जात राहिले, कारण स्थानक एकट्याने चालवणं दोघांनाही कठीण आहे.

मात्र असे करारही आपोआप टिकत नाहीत. अमेरिका २०१९ मध्ये आयएनएफमधून बाहेर पडली. रशियाकडून उल्लंघन होतंय हा तिचा मुख्य आक्षेप होता, पण कराराबाहेर असलेल्या चीनची क्षेपणास्त्रंही तिला खुपत होती. रशियाने २०२३ मध्ये ‘न्यू स्टार्ट’ या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या करारातला सहभाग स्थगित केला. चीनची क्षेपणास्त्रं अशी खुपत असताना यापुढचा कोणताही करार त्याला वगळून फार काळ टिकेल, असं मला वाटत नाही.