वाचकांचे प्रश्न : स्वातंत्र्यलढ्यातल्या लेखिका वाचताना

प्रश्न : पंधरा ऑगस्टला आमच्या महिला मंडळात स्वातंत्र्यलढ्यातल्या लेखिकांवर पाऊण तासाचं अभिवाचन आहे. सरोजिनी नायडू आणि सुभद्राकुमारी चौहान यांच्यापुढे नावं सुचत नाहीत. मराठीतलं कोणी घेता येईल का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सुरुवात अवंतिकाबाई गोखले यांच्यापासून करा. १९१७ मध्ये त्या चंपारणला गेल्या आणि तिथल्या खेड्यात शाळेचं काम पाहिलं. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. हे साल श्रोत्यांना मुद्दाम सांगा. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह, जालियनवाला बाग, असहकार, सगळं अजून पुढे होतं आणि मराठी घरांत गांधी हे नाव नवं होतं. ते साल न सांगता उतारा वाचला तर ऐकणाऱ्यांना ती थोर पुरुषाची नेहमीची स्तुती वाटते. खरं तर एक बाई स्वतः पाहिलेल्या कामावर विश्वास ठेवून एका नव्या माणसाची ओळख करून देत होती.

दुसरं नाव प्रेमा कंटक यांचं. साबरमती आश्रमात राहिलेल्या, पुढे सासवडला काम केलेल्या. त्यांचं ‘सत्याग्रही महाराष्ट्र’ मिळवा. गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रसाददीक्षा’मध्ये आहेत, मात्र तिथला आवाज गांधीजींचा आहे, हे निवेदनात स्पष्ट करा.

आता वेळेचं गणित. मोठ्याने, सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, कवितेत त्याहून कमी. पाऊण तासात चारच लेखिका घ्या. प्रत्येकीच्या आधीचं निवेदन १५० शब्दांत बसवा, म्हणजे सगळं निवेदन पाच-सहा मिनिटांत आटोपतं. असे कार्यक्रम बहुतेक इथेच बिघडतात : जन्म, शिक्षण, पुरस्कार यांतच वेळ जातो आणि लेखिकेच्या वाट्याला शेवटची घाईची दोन मिनिटं येतात. निवेदनात लिहिल्याचं साल आणि तेव्हा काय चाललं होतं, एवढं पुरे.

सुभद्राकुमारी वगळू नका. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या होत्या. फक्त झाशीच्या राणीवरची कविता वाचणारीला आधी तालीम द्या. हिंदीत च, ज, झ नेहमी तालव्यच, म्हणजे ‘जीवन’मधल्या ‘ज’सारखे, उच्चारायचे. आपल्या तोंडी ‘झाशी’चा झ ‘झाड’मधला येतो, तो तिथे खटकतो. कवितेतले ‘हरबोले’ म्हणजे बुंदेलखंडातले गाऊन कथा सांगणारे लोक, हेही आधी सांगा.

पुस्तकांसाठी १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. जुनी चरित्रं शोधताना लेखिकेच्या नावाबरोबर चरित्रनायकाच्या नावाखालीही नोंद पाहा. कागद ठिसूळ असेल तर झेरॉक्ससाठी पुस्तक उलटं दाबू नका, शिवण तुटते. परवानगी घेऊन मोबाइलवर फोटो काढा.

प्रश्न : गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे स्वातंत्र्यलढ्याचं पुस्तक म्हणता येईल का? लढा तर सावकारांविरुद्ध होता. — एक वाचक, कळवा

उत्तर : आम्ही म्हणू, हो. तुमची शंका मात्र रास्त आहे. पुस्तक १९७० चं, त्यातला काळ १९४५ नंतरचा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत, वारली आदिवासी वेठबिगार करत होते. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबायला बांधले जात, त्याला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेत वेठ न करण्याचं ठरलं. मग गवत कापणीच्या संपात मागणी झाली : ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. सावकार आणि ठेकेदार इथलेच, पण त्यांच्या पाठीशी बंदूक ब्रिटिश सरकारची होती.

मात्र त्यात ‘चले जाव’चं चित्र शोधू नका. गोदावरीबाई कम्युनिस्ट आणि किसान सभेच्या, त्यांची वाट काँग्रेसपेक्षा वेगळी. ती गावं आज नकाशावर शोधताना गोंधळ होतो, कारण उंबरगावचा बराच भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला आणि २०१४ पासून डहाणू, तलासरी पालघर जिल्ह्यात आहेत. अभिवाचनाला लग्नगड्यांबद्दलचा उतारा निवडा. ठाण्यात तो वाचायलाच हवा असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : सरोजिनी नायडूंची ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’ ही कविता इंग्रजांविरुद्ध आहे ना? शाळेत तसं शिकवतात. — एक पालक, नेरुळ

उत्तर : नाही. १९१५ मध्ये हैदराबादच्या स्त्रियांच्या युद्धमदत संस्थेसाठी लिहिलेली ती कविता आहे, परमुलखात मेलेल्या हिंदी सैनिकांच्या आईची. ब्रिटिशांनी या बलिदानाची आठवण ठेवावी, एवढीच तिची मागणी. मिठाच्या सत्याग्रहात धारासण्याच्या मिठागरावर १९३० मध्ये उभ्या राहिलेल्या सरोजिनीबाई पंधरा वर्षांनंतरच्या. दोन्ही सालं फळ्यावर शेजारी लिहिली तर मुलांना हा प्रवास आपोआप दिसेल.

प्रश्न : जाहीर वाचनाला परवानगी लागते का? — एक वाचक, वाशी

उत्तर : लेखिकेच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. सुभद्राकुमारी १९४८ मध्ये, सरोजिनीबाई १९४९ मध्ये गेल्या, त्यांचं मूळ लेखन खुलं आहे. अनुवाद नवा असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. गोदावरीबाई १९९६ मध्ये गेल्या, म्हणजे २०५६ अखेरपर्यंत हक्क आहे. तरी प्रकाशित पुस्तकातला वाजवी लांबीचा उतारा जाहीर वाचायला कायदा मुभा देतो. तोच कार्यक्रम चित्रित करून यूट्यूबवर टाकायचा असेल तर मात्र प्रकाशकाला आधी लेखी विचारा.