लिनक्स टाकल्यावर कॉम्प्युटर खरंच आपल्या ताब्यात येतो का? मग बंद करताना दीड मिनिट कोण अडवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की विंडोज काढून लिनक्स टाकलं, सगळे म्हणाले आता मशीन तुमचं, आणि आता शटडाऊन दिलं की 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असं दाखवत दीड मिनिट ताटकळत ठेवतं, तर हे सिस्टमडी प्रकरण काय आहे आणि उपटून टाकता येतं का.

येतं. पण आधी आमच्या काकांचं ऐका.

नौपाड्यात काकांचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. श्रीलिपीचं मशीन विंडोजवरच ठेवलंय, पण बिलिंगचा जुना डबा विंडोज ११ घेत नव्हता आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच्यावर मी डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं. मस्त चाललं होतं. मग एक दिवस आतली कुरकुर करणारी दुसरी हार्डडिस्क काकांनी स्वतःच काढून ठेवली, तिच्यात कामाचं काही नव्हतंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. मी ठाण्याहून वाशी लोकलमध्ये, ऑफिस महापेला. "अरे, लाल चांदण्या इकडून तिकडे फिरतायत आणि काहीतरी सेकंद मोजतोय." दीड मिनिट मोजून झालं, मग म्हणाले, "आता इमर्जन्सी म्हणतोय, अँब्युलन्स बोलवू का?"

झालं होतं एवढंच, की ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, त्या डिस्कची ओळ तशीच राहिली होती. सिस्टमडी, म्हणजे मशीन चालू-बंद करताना सगळ्यांना उठवणारा-झोपवणारा प्रोग्राम, त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतो, नाही आली तर बूट थांबवून इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. त्या ओळीत 'नोफेल' एवढा एक शब्द असता तर न थांबता पुढे गेला असता. तो मी लिहायला हवा होता, ती चूक माझी. पण खरा संताप पुढे आहे. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड रिकामा ठेवला की डेबियन रूट बंद करून तुम्हाला सुडो देतं, म्हणजे स्वतःच्याच पासवर्डने रूटची कामं करायची मुभा, आणि मग इमर्जन्सी मोड म्हणतो 'रूट अकाउंट इज लॉक्ड', एंटर दाबा. एंटर दाबलं की परत तेच. म्हणजे घर आपलं, आग लागलीये, आणि वॉचमन म्हणतोय एंट्री नाही.

मग ऐरोलीपासून डिक्टेशन सुरू. काका, रीस्टार्ट करा, ग्रबचा, म्हणजे चालू होताना पहिला दिसतो तो, मेनू आला की ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जा, स्पेस, इनिट, बरोबरचं चिन्ह, स्लॅश बिन स्लॅश बॅश, आता एफ १०. मग डिस्क लिहिण्यासाठी उघडायची, माउंट, मायनस ओ, रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू, स्पेस, स्लॅश. मग नॅनो नावाच्या एडिटरमध्ये ती एफएसटॅब फाइल आणि त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश. "हॅश म्हणजे?" अहो फुलीगोळ्याची चौकट असते ना, ती, तीनच्या आकड्यावर. "हां, मग तसं सांग ना!" घणसोली गेलं तेव्हा सेव्ह झालं, कोपरखैरण्याला उतरलो तेव्हा मशीन चालू आणि मागे कुणीतरी आधारकार्डाच्या दोन कॉप्या मागत होतं.

आता बघा, रूट लॉक करून नक्की कोणाला अडवलं? समोर बसलेला कोणीही ग्रबमधून असाच आत शिरू शकतो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि ग्रबला पासवर्ड नसेल तर. अडकला फक्त मालक.

तर सिस्टमडी म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, चालू झाल्यावर सुरू होणारा एक नंबरचा प्रोसेस, बाकी सगळ्यांना उठवणारा आणि झोपवणारा. आधी हे काम शेल स्क्रिप्ट करायच्या. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी हा आणला, २०११ ला फेडोरा १५ या दुसऱ्या लिनक्समध्ये डिफॉल्ट झाला. डेबियनच्या टेक्निकल कमिटीत २०१४ ला मतं चार-चार पडली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मतावर हा आला, आमच्या सोसायटीत लिफ्टचं कॉन्ट्रॅक्ट ठरतं तसंच. रुसलेल्यांनी वेगळं होऊन डेवुआन काढलं, म्हणजे सिस्टमडी नसलेलं डेबियन.

माझं म्हणाल तर प्रोग्राम वाईट नाही, सर्व्हिस पडली तर परत उठवतो, कुठली का पडली ते एका कमांडमध्ये सांगतो, जुन्या स्क्रिप्टांचा चिखल मी ऑफिसात उपसलाय, मला तो परत नको. राग आहे तो डिफॉल्टवर. २०१६ मध्ये सिस्टमडीवाल्यांनी ठरवलं की लॉगआउट केलं की युजरचे सगळे प्रोसेस मारायचे, म्हणजे टीमक्समध्ये (लॉगआउट केल्यावरही काम चालू ठेवणारा प्रोग्राम) रात्रभर लावलेलं काम सकाळी गायब. डेबियनने ते आपल्याकडे बंद ठेवलं म्हणून वाचलो. तुमच्यामाझ्यासारख्याला विचारतं कोण. फक्त इथे ओळ सापडते आणि बदलता येते, विंडोज अपडेटने प्रिंटिंगच्या मध्येच रीस्टार्ट मारला तेव्हा काकांना बदलायला ओळच नव्हती.

तुमच्या दीड मिनिटाचं बोलू. शटडाऊनला सिस्टमडी प्रत्येकाला आधी नम्रपणे 'आवरा' म्हणतो, ९० सेकंद थांबतो आणि मग मारतो. ईटीसी, सिस्टमडी, सिस्टम डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'डिफॉल्ट टाइमआउट स्टॉप सेक' ची ओळ असते, पुढची फुलीगोळ्याची चौकट काढा आणि १५ सेकंद लिहा. डेटाबेस चालत असेल तर एवढं कमी करू नका, लिहिता लिहिता मेला तर रडाल. आणि हे वेळ कमी करणं झालं, अडवणारा कोण ते नाही कळलं. त्यासाठी पुढच्या वेळी चालू केल्यावर टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल, मायनस बी, मायनस १ अशी कमांड द्या, मागच्या वेळचा लॉग दिसेल, अगदी शेवटी टाइमआउट झालेल्याचं नाव असतं.

उपटायचंच असेल तर रोजच्या मशीनवर नको, ग्नोम डेस्कटॉप वगैरे बऱ्याच गोष्टी त्याच्यावर टेकलेल्या आहेत. जुना लॅपटॉप पडला असेल तर त्यावर डेवुआन टाकून बघा. पण आधी ते नाव बघा आणि इथे लिहा. 'युजर मॅनेजर' असं दिसलं तर तुमच्याच लॉगिनमधलं एखादं अॅप अडून बसलंय आणि त्याला वरची १५ सेकंदवाली ओळ लागूच होत नाही, त्याचा टाइमआउट वेगळा आहे, मग वेगळं सांगतो.