परदेशात शिकताना एका दिवसात ज्वालामुखी बघून येणं जमतं का? गेलो तर काय बघावं?

जमतं. इटलीत असाल तर एटना अजिबात सोडू नका. मी सिसिलीत, कातानियाला एम.एस्सी. करत होतो तेव्हा एका शनिवारी वर्गातल्या मित्रांबरोबर गेलो होतो. स्टेशनजवळून सकाळी आठच्या सुमारास बस सुटते, ती साधारण १,९०० मीटर उंचीवरच्या रिफुजिओ सापिएन्झा या एटनावरच्या ठिकाणी सोडते आणि दुपारी उशिरा परत आणते.

लाल लाव्हा उसळताना दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका. एटना जागृत असला तरी एरवी माथ्यावर फक्त वाफ आणि धूर दिसतो. खरं बघण्यासारखं आहे ते पायाखाली.

मी पुण्याचा, सह्याद्रीत भटकून वाढलेला. आपला काळा कातळही लाव्हाचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून येऊन थरावर थर पसरलेला. एटनावर दगडाचं जन्मसाल सांगता येतं! बस थांबते तिथून चालत गेलं की सिल्वेस्त्री विवरं लागतात, ती १८९२ ची. त्यांच्या काठावरून फिरता येतं. आणि जवळच २००१ चा लाव्हा थिजून पडलाय. माझा जन्म १९९८ चा. आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या कातळावर हात ठेवला तेव्हा अंगावर काटा आला, खरंच.

तो दगड जवळून बघा. वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली भोकं अजून रिकामी आहेत आणि कडा इतक्या धारदार की बोट खरचटतं. आपल्याकडच्या दगडात हीच भोकं पुढे झिओलाइटच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरून गेली. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींत ते सापडतात. बस वर चढताना खिडकीतून लाव्हाचे थिजलेले जुने ओघ दिसतात, त्यांच्यावर करडं दगडफूल चढलेलं असतं. नव्या ओघावर जवळपास काहीच नाही, नुसता काळा खडबडीत राडा. (दगड खिशात घालू नका, २०१३ पासून हा जागतिक वारसा आहे.)

रोपवे २,५०० मीटरपर्यंत नेतो, पण तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे. त्याहून वर, माथ्याच्या विवरांकडे जायचं तर परवानाधारक गाइड लागतो. पैसे नसतील तर खालची विवरंसुद्धा दिवसभराला पुरतात. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच, कारण सगळीकडे बारीक काळ्या खडीचा घसारा आहे. खाली शहरात घामाच्या धारा लागल्या असल्या तरी विंडचीटर घ्या, वर वारा झोंबतो.

संध्याकाळी परतल्यावर कातानियातला उर्सिनो किल्ला नक्की बघा. तो समुद्राकाठी बांधलेला. १६६९ च्या उद्रेकात लाव्हा त्याला वळसा घालून समुद्रात गेला आणि किनाराच पुढे सरकला. आज किल्ल्यापासून पाणी बरंच लांब आहे. डोंगरावर जे बघितलं त्याचा आवाका मला तिथे उभं राहिल्यावर कळला.

आणि त्याच रात्रीचं विमान धरू नका. राख उडाली की कातानियाचा विमानतळ बंद ठेवावा लागतो.