वाचकांचे प्रश्न : प्रतिक्रियेचा वेग आणि फटक्याची वेळ

प्रश्न : मी बारा ते सोळा वयोगटातील मुलांना क्रिकेट शिकवतो. आम्ही दिव्यांच्या चकत्यांचा एक संच आणला असून दिवा लागताच त्यावर हात मारायचा, असा सराव मुले करतात. संचावरच्या आकड्यांत मुलांची चांगली प्रगती दिसते, पण वेगवान चेंडूवर बॅट पूर्वीइतकीच उशिरा येते. असे का होत असावे?

उत्तर : आपला संच जे मोजतो ते एक आणि बॅटला जे लागते ते दुसरे, असा हा प्रकार आहे. अनपेक्षितपणे लागलेला दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत निरोगी तरुणाला साधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. आवाजाला प्रतिसाद त्याहून लवकर मिळतो. धावण्याच्या शर्यतीत इशाऱ्यानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत झालेली हालचाल चुकीची सुरुवात धरली जाते, कारण तेवढ्या अवधीत ऐकून हलणे शक्य नाही असे मानतात. ही मूळ वेळ सरावाने फारशी खाली येत नाही. आकडे सुधारतात त्यामागे वेगळे कारण असते. मुले सराव करत असताना बारकाईने पाहा : काही दिवसांनी ती हात आधीपासूनच चकत्यांवर अधांतरी धरतात, नजर एका दिव्यावर न खिळवता संचाच्या मध्यावर ठेवतात आणि चकत्यांमधील अंतर त्यांच्या हातांना पाठ झालेले असते. हे कौशल्य खरे आहे, परंतु ते त्या संचापुरते आहे.

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो आणि त्यातला बराच वेळ पाय व बॅट हलवण्यातच जातो. पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या बसवून चेंडू टप्प्यानंतर कसाही वळेल अशी व्यवस्था केली, तेव्हा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांनाही टप्पा पडल्यावर सुमारे २०० मिलिसेकंदांच्या आत बॅटची दिशा बदलता आली नाही. म्हणजे या बाबतीत ते सामान्य माणसापेक्षा वेगवान नव्हते. मॅक्लाउड आणि मायकेल लँड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या नजरेची हालचाल टिपली आहे. फलंदाज सुटणारा चेंडू पाहतो, मग चेंडूच्या आधीच त्याची नजर टप्प्याच्या जागी जाऊन थांबते, आणि चांगल्या फलंदाजाची नजर तेथे लवकर पोहोचते. आपल्या मुलांची बॅट उशिरा येते ती बहुधा टप्प्याचा अंदाज उशिरा येतो म्हणून, आणि हा अंदाज दिव्यांकडे पाहून शिकता येत नाही.

म्हणून मला वाटते की इलेक्ट्रॉनिक साधनांचा सर्वांत उपयुक्त वापर पडद्यावर होतो. फलंदाजाच्या जागेवरून निरनिराळ्या गोलंदाजांचे चित्रण करावे, चेंडू हातातून सुटताच ते तोडावे आणि मुलाला टप्पा व दिशा सांगायला लावावी. उत्तर दिल्यावर उरलेले चित्रण दाखवावे. पुढे तोडण्याची जागा आणखी अलीकडे आणावी, म्हणजे मनगट आणि खांदा वाचायची सवय लागते. तोंडी उत्तर जमू लागले की मुलाने बॅट हातात धरून प्रत्यक्ष पाऊल टाकावे, कारण ओळखणे आणि हलणे यांची सांगड मैदानावर एकाच वेळी घालावी लागते. बोलिंग मशीनसमोर नेमकी मनगट-खांद्यावरून मिळणारी ही माहिती नसते, त्यामुळे पाऊल टाकण्याची वेळही बदलते; एखादा फटका घोटून घ्यायला मशीन चांगले, पण वेळ साधायला शिकवायचे असेल तर हात फिरवून टाकणारा माणूसच समोर हवा. दिव्यांचा संच टाकून देऊ नका. शरीर सैल करताना तो वापरा आणि हिरव्याला पुढचे पाऊल, लाल दिव्याला मागचे, असा निवडीचा नियम घाला.

प्रश्न : बॅटला लावायच्या सेन्सरने फटक्याची वेळ कळते का?

उत्तर : अर्धवट कळते. बॅट किती वेगाने आणि कोणत्या कोनातून आली, खाली यायला किती वेळ लागला, हे सेन्सर सांगतो. पण चेंडू केव्हा सुटला हे त्याला ठाऊक नसते, आणि फटक्याची वेळ तर चेंडूच्या संदर्भातच ठरते. त्यापेक्षा सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल बाजूने उभा करा, मात्र चौकटीत गोलंदाजाचा हात आणि फलंदाज दोघेही आले पाहिजेत. दोन चित्रांत सुमारे चार मिलिसेकंदांचे अंतर असते, तर सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या नेहमीच्या चित्रणात ते ३३ मिलिसेकंदांचे असते आणि तेवढ्यात वर सांगितलेला चेंडू सव्वा मीटरहून पुढे जातो. चेंडू सुटण्यापासून पाऊल उचलण्यापर्यंत आणि तेथून बॅट खाली येऊ लागेपर्यंत किती चित्रे गेली ती मोजा. पाऊलच उशिरा उचलले जात असेल तर पडद्यावरचा सराव वाढवा. पाऊल वेळेवर पडूनही बॅट मागे राहत असेल तर बॅकलिफ्ट (फटक्याआधी बॅट मागे उचलणे) फार उंच आहे का, किंवा बॅट मुलाच्या ताकदीला जड होते आहे का, हे आधी तपासा.