वाचकांचे प्रश्न : एमिली उंगवारे यांचे ठिपके

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. ऑस्ट्रेलियाच्या एमिली काम उंगवारे यांचे ठिपके फुलल्यासारखे दिसतात, आमचे मात्र टिकलीसारखे गोल येतात. असं का?

उत्तर : तुम्ही बहुधा काडीच्या टोकाने किंवा इअरबडने ठिपके देत असाल. त्याने टिकलीच उमटणार. एमिली रंगाने भरलेला कुंचला उभा धरून कॅनव्हासवर दाबत. केस चहूबाजूंनी फाकतात आणि ठिपक्याची कड विस्कटते. एकाच कुंचल्यावर दोन रंग घेतले, की ठिपक्याच्या आत आणि कडेला वेगळी छटा राहते.

आधी काळं किंवा गडद अस्तर द्या. कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवा, इझलवर ओघळ येतील. ॲक्रिलिकमध्ये पाणी जास्त झालं, तर शेजारचे ठिपके मिसळून चिखल होतो, म्हणून पहिला थर वाळू द्या. महागडा कुंचला मात्र वापरू नका. या दाबादाबीत तो टिकत नाही. तंत्र जरूर घ्या, पण त्यांची चित्रं उतरवून काढू नका. तिथल्या आदिवासींमध्ये, म्हणजे एमिलींच्या समाजात, चित्रविषयावर त्या-त्या नातेसमूहाचा हक्क असतो. (‘उंगवारे’ हेही आडनाव नाही, नातेगटाचं नाव आहे.)

प्रश्न : त्यांनी ऐंशीच्या आसपास चित्रकला सुरू केली, हे खरं का? आणि ठिपके म्हणजे नेमकं काय?

उत्तर : अर्धंच खरं. जन्म १९१०च्या सुमाराचा, ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येकडच्या युटोपिया भागातला. कॅनव्हास हाती आला १९८८-८९मध्ये. पण १९७७पासून त्या बाटिक करत होत्या, आणि ‘अवेल्य’ या बायकांच्या विधीत अंगावर पट्टे रंगवणं त्याहूनही जुनं. बाटिकमध्ये मेण तापवा, कापड रंगवा, मग उकळून मेण काढा; उतारवयात हे झेपेना. ॲक्रिलिकने तो व्याप वाचला आणि १९९६मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या आठेक वर्षांत सुमारे ३,००० चित्रं झाली.

त्यांच्या नावातलं ‘काम’ म्हणजे एका रानकंदाचं बी आणि फूल. हा वेल आपल्या मूग-मटकी-चवळीच्याच प्रजातीतला. जमिनीखाली पेन्सिलीएवढी बारीक खाण्याजोगी मुळं धरतो. ठिपक्यांत बी-फुलं शोधा, रेषांत मुळांचं जाळं. ‘बिग याम ड्रीमिंग’ (१९९५) सुमारे तीन मीटर उंच, आठ मीटर रुंद आहे: काळ्यावर पांढऱ्या रेषांचा गुंता, ठिपका एकही नाही. त्यांना नुसतं ‘ठिपक्यांच्या चित्रकार’ म्हणणं आम्हाला म्हणूनच पटत नाही.