थोड्याशा प्रतारणेने संसार ताजा राहतो का?

लग्नाबाहेरचे एखादे प्रकरण मरगळलेल्या संसाराला उभारी देते, हे खरे आहे का, असा प्रश्न विवाह समुपदेशक म्हणून मला वारंवार विचारला जातो. त्यासाठी चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे राहणाऱ्या एका मराठी दांपत्याची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवऱ्याच्या फोनवरचे संदेश बायकोने वाचले, तेव्हा लग्नाला नऊ वर्षे झाली होती. व्हिडिओवरील पहिल्याच बैठकीत त्याने २०११ सालच्या ‘मुझी व नाद्येयी’ या चेक विनोदी चित्रपटाचा दाखला दिला. त्यात बोलेक पोलीव्का यांनी रंगवलेला सासरा जावयाला पटवून देतो की, बाहेरख्यालीपणा हाच सुखी संसाराचा पाया आहे. “इथले लोक यावर हसतात, मॅडम. आपणच फार मोठं करतो,” तो म्हणाला.

चित्रपटगृहात हसणारा माणूस घरीही हसतो, हे मला मान्य नाही. २०१४ पासून लागू असलेल्या चेक नागरी संहितेतही पती-पत्नींनी एकनिष्ठ राहण्याचे कर्तव्य नोंदवलेले आहे, हे मी त्याला सांगितले. कारण तो तिथल्या समाजाच्या नावावर स्वतःची सोय खपवत होता.

त्याचे एक म्हणणे मात्र मी गांभीर्याने घेतले. त्या काळात तो घरी अधिक हसतमुख असे, बायकोसाठी फुले आणत असे. अपराधी भावनेतून आलेली अशी माया काही काळ खरोखर सुखद वाटते. पण सत्य कळताच तीच फुले सर्वाधिक बोचतात. “मार्चमध्ये आपण डोंगरात गेलो होतो, तेव्हा तू माझ्याबरोबर होतास की नव्हतास?” हाच प्रश्न ती दर बैठकीत विचारत राहिली. फसवणूक झालेल्या व्यक्तीचा वर्तमानकाळ तर डळमळतोच, शिवाय जगून झालेली वर्षेही तिला पुन्हा तपासावी लागतात, आणि त्या तपासणीत जोडीदाराने कंटाळून “झालं ते झालं” म्हणणे हा दुसरा आघात ठरतो.

म्हणून त्या दुसऱ्या स्त्रीशी संपर्क पूर्णपणे थांबवल्यावर आम्ही रोज रात्रीची वीस मिनिटे ठरवली. तिने विचारायचे, त्याने सबब न सांगता उत्तर द्यायचे, आणि उरलेला दिवस त्या विषयापासून मोकळा ठेवायचा. संसार टिकेलच, असे आश्वासन मी दिले नाही. कोणत्याही समुपदेशकाने ते देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

चौथ्या महिन्यात तिने तो चित्रपट त्याच्यासोबत पाहिला. काही प्रसंगांना ती हसलीही. मग तिने विचारले, “तो सल्ला देणारा बाप कोणाचा आहे, हे पाहिलंस? त्याच जावयाच्या बायकोचा. आपल्या मुलीच्या नवऱ्याला तू हा सल्ला देशील?”

त्यांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पुढच्या बैठकीत त्याने चित्रपटाचे नाव काढले नाही. मार्चमधल्या त्या सहलीविषयी तो स्वतःहून बोलू लागला.