वाचकांचे प्रश्न : मेंदूचं स्कॅनिंग आणि टीएमएस

प्रश्न : मुलगी फिजिक्स घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेंदूच्या स्कॅनिंगवर संशोधन करायचं म्हणते. डॉक्टर न होता हे जमेल का?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : जमेल, आणि फिजिक्सचा पाया इथे फार उपयोगी पडतो. एफएमआरआय, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूचं चुंबकीय स्कॅनिंग. त्यात चेतापेशींचं काम थेट दिसत नाही. काम करणाऱ्या भागात रक्ताचा ओघ वाढतो, तिथलं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन कमी होतं आणि त्यामुळे चुंबकीय सिग्नल किंचित बदलतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. हा बदल जेमतेम एक-दोन टक्क्यांचा असतो आणि पाच-सहा सेकंद उशिरा शिखरावर पोचतो. त्यामुळे स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटर हललं, तरी खरा सिग्नल त्यात बुडू शकतो.

एमएस्सीनंतर नेट किंवा गेट देऊन पीएचडी, हा नेहमीचा रस्ता. मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, बंगळुरूचं निम्हान्स आणि आयआयएससी, शिवाय जवळच पवईची आयआयटी, एवढी नावं आधी पाहावीत. पण प्रवेशाची वाट बघत बसू नये. ओपनन्यूरो या वेबसाइटवर खऱ्या स्कॅनचा डेटा फुकट मिळतो. बोटं हलवण्याचा साधा प्रयोग निवडून एफएमआरआयप्रेप आणि पायथनमधलं नायलर्न या सॉफ्टवेअरवर तो स्वतः सोडवावा : आधी हालचालीची दुरुस्ती, मग सगळे मेंदू एका मापात बसवणं, सहा मिलिमीटरचं स्मूदिंग (शेजारच्या ठिपक्यांची सरासरी), शेवटी सांख्यिकी. नवखे अडकतात ते शेवटच्या पायरीवर. एक लाख व्हॉक्सेल (स्कॅनमधले छोटे ठोकळे) प्रत्येकी पाच टक्क्यांच्या निकषावर तपासले, तर काहीही घडलेलं नसतानाही सुमारे पाच हजार ‘उजळतात’. म्हणून निकष कडक करून दुरुस्ती करावी लागते. ती का आणि कशी केली, हे मुलाखतीत नीट सांगता येणं मोठ्या मार्कशीटपेक्षा जास्त मोलाचं आहे.

प्रश्न : रिसर्च असिस्टंट म्हणून टीएमएस, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय पल्सने मेंदू चेतवण्याचं तंत्र, शिकते आहे. एकाच माणसाचा मोटर थ्रेशोल्ड दर वेळी वेगळा येतो. मशीन बिघडलं असेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, दोष कॉइल धरण्यात असतो. हाताचा स्नायू सैल असताना दहापैकी किमान पाच पल्सना ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे थ्रेशोल्ड. आठच्या आकाराची कॉइल डोक्याला सपाट टेकवा. दांडा मागे आणि मधल्या रेषेपासून ४५ अंश बाहेर. कडा जराशी उचलली गेली तरी मेंदूत पोचणारं क्षेत्र झपाट्याने घटतं आणि थ्रेशोल्ड उगाच वर जातो. हात नकळत आवळला, की थ्रेशोल्ड खाली येतो; म्हणून ईएमजीची (स्नायूतल्या विजेच्या नोंदीची) रेघ सपाट दिसल्याशिवाय पल्स देऊ नका. सर्वांत मोठा प्रतिसाद देणारी जागा, म्हणजे हॉटस्पॉट, त्या माणसाला घातलेल्या टोपीवर पेनाने खुणा करून ठेवा. दोन पल्समध्ये किमान पाच सेकंद जाऊ द्या. त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी करा, आपल्याकडच्या घामात इलेक्ट्रोड सुटतो. अपुरी झोप आणि फिटांवरची औषधंही आकडा हलवतात, त्यांची नोंद हवी.

कपाळामागच्या भागाला पल्स देताना मात्र हात हलत नाही, त्यामुळे जागा चुकली तरी कळत नाही. हॉटस्पॉटपासून पाच सेंटिमीटर पुढे, हा जुना नियम डोक्याच्या मापानुसार चुकतो. तिथे त्या माणसाचा स्वतःचा एमआरआय वापरून नॅव्हिगेशन करावं, म्हणजे कॉइल नेमकी कुठे आहे ते त्या चित्रावर बघत जावं. स्कॅन दाखवतो की अमुक भाग कामाच्या वेळी जागा होता. त्या भागावाचून काम अडतं का, हे टीएमएसने तपासता येतं. दोन्ही शिकलेला माणूस प्रयोगशाळेला हवा असतो तो त्यामुळेच.

आणि प्रत्येक वेळी आधी विचाराच : फिट, पेसमेकर, डोक्यात धातू, कॉक्लिअर इम्प्लांट (कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र)? कानात प्लग दोघांच्याही, पल्स देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या.

प्रश्न : एकाग्रतेसाठी विजेचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. घरी वापरावं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नको. डोक्यावरून सौम्य वीज देण्याच्या या तंत्राला टीडीसीएस म्हणतात. प्रयोगशाळेत त्याचा प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरच असतो, साधारण वीस मिनिटं, तोही मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधून आणि रोधावर सतत नजर ठेवून. स्पंज सुकला की प्रवाह एका ठिपक्यावर एकवटतो आणि त्वचा भाजते.